कीर्ती गायकाची, तबकडी कंपनीची

बोरिवलीत सुधीर फडके यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांना फडक्यांची, म्हणजे बाबूजींची, गाणी तोंडपाठ असतात, त्यांचं आत्मचरित्र मात्र फार थोड्यांनी वाचलेलं असतं. गायकांच्या आणि शाहिरांच्या आत्मकथा मराठीत बऱ्याच आहेत, पण त्या आपण किस्से वेचायला वाचतो. गुरू किती कडक होते, पहिली टाळी कुठे मिळाली, कोण कुणाला काय म्हणालं, एवढ्यावर मन भरतं. या पुस्तकांत एक दुसरी गोष्टही चालू असते. गाणं गळ्यातून बाहेर पडल्यावर ते कुणाच्या मालकीचं झालं आणि त्यावर कोण जगलं, ही ती गोष्ट. माझ्या मते ती जास्त वाचनीय आहे.

नाव होण्याआधीची वर्षं

फडक्यांचं 'जगाच्या पाठीवर' त्यांच्या निधनानंतर आलं आणि ते अपुरं आहे. बाबूजी २००२ मध्ये गेले. त्यांनीच संगीत दिलेल्या १९६० सालच्या चित्रपटाचं नाव पुस्तकाला मिळालं. पुस्तकाचा सगळा भर धडपडीच्या काळावर आहे. कोल्हापूरचं बालपण, वामनराव पाध्यांकडची तालीम, मुंबईतले उपासाचे दिवस, मग गाण्याच्या कार्यक्रमांच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात केलेली वणवण.

हे वाचताना पैशाचे उल्लेख पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावेत. त्या काळात गायकाची कमाई म्हणजे बिदागी. मैफल झाली की हातावर पडेल ते, आणि न पडलं तर पुढचं गाव. १९४१ च्या सुमारास फडके एचएमव्ही या तबकडी कंपनीत शिरले तेव्हा चालीला ठरलेला मोबदला देणारी कंपनी त्यांच्या आयुष्यात आली. पोट भरू लागलं. पण चाल विकली की ती आपली राहत नाही, हा व्यवहारही त्याच दारातून आत आला. या बाबतीत पुस्तक फारसं बोलत नाही. त्या पिढीला पैशाबद्दल लिहिणं जरा कमीपणाचं वाटे.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस

व्यवहाराबद्दल मोकळेपणाने बोलणारं मराठी पुस्तक हवं असेल तर जी. एन. जोशींचं 'स्वरगंगेच्या तीरी' शोधावं. जोशी वकिलीचं शिक्षण घेतलेले, गळ्याने भावगीत गायक. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' त्यांनी गायली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली ती तबकडी घरोघर वाजली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात तिचा उल्लेख टाळता येत नाही. पुढे १९३८ मध्ये हाच गायक एचएमव्हीच्या मुंबईच्या ध्वनिमुद्रण विभागात नोकरीला लागला आणि जवळजवळ तीन दशकं तिथे राहिला. कंपनीकडून मोबदला घेणारा आता कंपनीच्या वतीने मोबदला ठरवू लागला.

त्यामुळे पुस्तकाचा सूर वेगळा लागतो. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, केसरबाई, हिराबाई, बेगम अख्तर अशी माणसं त्यात भेटतात. पण मैफलीच्या बैठकीवरून नव्हे, तर त्यांना स्टुडिओपर्यंत आणायची जबाबदारी अंगावर असलेल्या माणसाच्या खुर्चीवरून. कोण किती मागतो, कोण पैशाचं नावही न काढता महिनोन्महिने टाळतो, कुणाला मानाची एक-दोन वाक्यं पुरतात, हे जोशी जवळून पाहतात. अर्थात ते कंपनीचे माणूस आहेत हे विसरू नये. रॉयल्टीचा दर कंपनीने काय आणि का ठरवला, यावर त्यांची लेखणी कलाकारांच्या लहरींवर चालते तेवढी चालत नाही.

जोशींचं पुस्तक वाचताना तंत्राकडेही लक्ष ठेवावं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. मुद्रण मेणाच्या जाड चकतीवर व्हायचं. गायक, तबलजी, पेटीवाला सगळे एकाच वेळी वाजवणार आणि सुई मेणात रेघ कोरत जाणार. शेवटच्या ओळीला कुणी खोकलं तरी ती चकती बाद, नवी चकती लावून पहिल्यापासून सुरुवात. खोडायची, जोडायची सोय नाही. ती सोय फीत आल्यावर झाली. दोन तास ख्याल मांडणाऱ्या उस्तादाला 'तीन मिनिटांत आटपा' सांगणं हे काम जोशींचं. मुखडा, दोन अंतरे आणि छोटासा वाद्यमेळ असा भावगीताचा जो घाट आपल्याला स्वाभाविक वाटतो, तो बराचसा या तीन मिनिटांनी पाडला. बाजार गाण्याच्या बाहेर उभा राहून पैसे मोजत नव्हता, गाण्याची लांबी ठरवत होता.

जास्त वेळ वाजणारी लाँगप्ले तबकडी आल्यावर ती अडचण सुटली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही गाजलेली तबकडी जोशींच्याच हाताखाली झाली.

एका गाण्याचे धनी किती?

'जय जय महाराष्ट्र माझा' कुणाचं, असं विचारलं तर दहातले नऊ जण 'शाहीर साबळ्यांचं' म्हणतील. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज साबळ्यांचा. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं.

कायद्याच्या नजरेत इथे एक गाणं नसून चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, गायन हा सादरकर्त्याचा हक्क आणि तबकडी हे ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६०. बढे १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांचा हक्क २०३७ अखेर संपेल. खळे २०११ मध्ये गेले. चालीचा हक्क २०७१ पर्यंत आहे. ज्याच्या नावाने गाणं ओळखलं जातं त्या गायकाचा वाटा सगळ्यांत उशिरा कायद्यात आला.

साबळ्यांचं आत्मचरित्र 'माझा पवाडा' या दृष्टीने वाचावं. लोककलेच्या धंद्यात कार्यक्रम ठरवण्याला 'सुपारी' म्हणतात. शाहिराची पार्टी म्हणजे ढोलकीवाल्यापासून नाच्यापर्यंत पोसायचं कुटुंब आणि तबकडी बहुधा जाहिरातीपुरती. नाव रेकॉर्डने होई, चूल सुपारीवर पेटे.

गळ्याला हक्क कधी मिळाला?

१९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. एकदा मानधन घेतलं की गायकाचा संबंध संपला, असं मोहम्मद रफींचं मत. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच सोडलं होतं.

१९५७ चा कॉपीराइट कायदा या वादात रफींच्या बाजूचा होता. त्यात गायकाला जागाच नव्हती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर गीतकार-संगीतकारांनाही धक्का दिला. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, असा तो निकाल. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला स्वतःचं टिपण जोडून गायकाच्या गळ्याला कायद्यात संरक्षण नाही, संसदेने इकडे पाहावं, असं सुचवलं. संसदेने पाहायला १९९४ उजाडलं. तेव्हा सादरकर्त्याचे हक्क कायद्यात आले, पण रॉयल्टी नाहीच.

खरा फरक २०१२ च्या दुरुस्तीने पडला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. आता गीतकार-संगीतकाराने सगळे हक्क लिहून दिले तरी चित्रपटगृहातल्या खेळाबाहेर गाणं वापरलं गेलं की येणाऱ्या रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला सोडताच येत नाही. वारसाला किंवा हक्कसंस्थेला देता येतो एवढंच. गायकालाही व्यापारी वापरातून वाटा आहे. ही वसुली गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस करते, ती १९६९ पासूनची संस्था. गायकांसाठी इस्रा ही संस्था २०१२ मध्ये निघाली.

म्हणून कोणतीही आत्मकथा उघडताना ती कोणत्या सालातल्या धंद्याबद्दल बोलते ते आधी बघावं. १९९० पूर्वीचा गायक 'मला काहीच मिळालं नाही' म्हणतो तेव्हा ती कुरकुर नसते, तेव्हाचा कायदाच तसा होता.

स्कूटरवरचा गोवेकर

स्वतः लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा, आणि धंद्यावरही तोंड उघडणारा, असा आपल्या बाजूचा माणूस रेमो फर्नांडिस. शिवोलीचा, मुंबईच्या जे.जे.मधून वास्तुशास्त्र शिकलेला. त्याचं इंग्रजी आत्मचरित्र २०२१ मध्ये आलं. १९८४ चा 'गोवन क्रेझी' हा संग्रह त्याने शिवोलीच्या घरीच मुद्रित केला, वाद्यं स्वतः वाजवली, कॅसेटचं वेष्टन स्वतः काढलं आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवला. मोठ्या कंपन्या आणि हिंदी चित्रपट नंतर आले. ते आले तेव्हा त्याच्याकडे नाही म्हणण्याची ऐपत होती, कारण मूळ फीत त्याच्या घरात होती. जोशींच्या मागोमाग रेमोचं पुस्तक वाचलं तर एकाच धंद्याची दोन टोकं हाती लागतात.

ज्यांनी लिहिलंच नाही तेही लक्षात ठेवावेत. मुलुंडच्या वस्तीत राहणारे दलित शाहीर विलास घोगरे स्वतः गाणी रचत आणि गात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला. त्या धक्क्याने चार दिवसांनी घोगऱ्यांनी आयुष्य संपवलं. त्यांचा आवाज ऐकायचा तर आनंद पटवर्धनांच्या माहितीपटांकडे जावं लागतं.

आज अंधेरीत सही करताना

वीरा देसाई रस्त्यापासून ओशिवऱ्यापर्यंत छोट्या स्टुडिओंची रांग आहे. काचेपलीकडे एकटा गायक, कानाला हेडफोन, मोबाइलवर शब्द. वादक बहुतेक संगणकात. नव्या मुलांना आधी 'स्क्रॅच' गायला बोलावतात, म्हणजे नामवंत गायक येईपर्यंत चाल धरून ठेवायची. पुष्कळदा त्याचे पैसेही नसतात. गाणं स्वतःचं असेल तर करारनाम्याचा कागद पुढे येतो. 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, संपूर्ण जग, कायमस्वरूपी' अशी त्याची भाषा असते.

त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो हक्क दिला असं होत नाही. कंपन्यांचे वकील हे जाणतात, म्हणून 'पुढे शोधली जातील ती माध्यमं' अशी ओळ हल्ली सर्रास घालतात. सही करण्याआधी ती ओळ शोधावी, आणि कागदाची एक प्रत मागून घ्यावी. उद्या आत्मचरित्र लिहायची वेळ आली तर निदान आकडे तरी हाताशी असतील. जुन्या पुस्तकांत नेमके तेच सापडत नाहीत.