माळ्यावरचा टू-इन-वन आणि एक कोरी कॅसेट

रमजानचा चांद दिसण्याआधी भोर शहरात आणि वेल्ह्याकडच्या गावांत घरोघरी साफसफाई निघते. चादरी धुतल्या जातात, भांडी लख्ख होतात, माळा रिकामा केला जातो. अशा वेळी जुन्या कापडात गुंडाळलेला टू-इन-वन हमखास खाली येतो. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. त्या पट्ट्यातल्या घराघरांतून माणसे आखातात कामाला गेली आणि येताना असे रेडिओ-टेप घेऊन आली. कुणी ते पाहुण्याला भेट दिले, कुणी मुलीच्या लग्नात दिले. सहा-आठ मोठे सेल घातले की वीज गेली तरी आवाज चालू राहायचा.

टू-इन-वनसोबत बुटाच्या खोक्यात कॅसेटी निघतात. कव्वाल्या, नाती, सिनेमाची गाणी. आणि त्यांत बहुधा एक अशी असते, जिच्यावर बॉलपेनने फक्त ‘दादी’ किंवा ‘अब्बा’ एवढेच लिहिलेले असते. सेहरीच्या वेळी गुणगुणलेली नात, लहान नातवाला शिकवलेली दुआ, मागे भांड्यांचा आवाज. बोलणारे माणूस आता नाही. त्याचा आवाज मात्र तेवढ्या फितीवर आहे आणि तो दुसरीकडे कुठेच नाही.

म्हणून पहिले काम कॅसेट वाजवण्याचे नाही, ती जपण्याचे आहे. कॅसेटच्या पाठीवर दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या छोट्या कळ्या असतात. फीत दिसते ती बाजू खाली आणि ‘ए’ बाजू आपल्याकडे धरली, तर डावीकडची कळी ‘ए’ बाजूची. दोन्ही कळ्या मोडल्या की रेकॉर्डचे लाल बटण दाबलेच जात नाही. घरातल्या पोराने कुतूहलाने ते दाबले आणि दादीच्या आवाजावर पंख्याची घरघर उतरली, हे कितीतरी घरांत घडून गेले आहे. दुसरे काम, हेडफोनच्या छिद्रातून वायर जोडून तो आवाज संगणकात किंवा मोबाइलमध्ये घ्यायचा. त्यानंतरच नव्या कॅसेटवर प्रत काढायची. प्रत काढायची म्हटले, की कोरी कॅसेट कोणती घ्यावी हा प्रश्न येतो.

लांबी आधी पाहा

फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट बाजारात आणली. लू ऑटेन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथे ती घडवली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, हे माप तेव्हापासून बदललेले नाही. त्यामुळे आजची कॅसेट चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रात चालते.

सी-६० म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटे आणि सुमारे ९० मीटर फीत. सी-९० मध्ये सुमारे १३५ मीटर. डबी तेवढीच, मग जादा फीत मावते कशी? ती पातळ केलेली असते. सी-१२० ची फीत तर इतकी पातळ, की जुन्या यंत्राच्या झिजलेल्या रबरी चाकात ती अडकते आणि गुंडाळली जाते. मग पेन्सिल घालून फिरवत बसायचे. जुन्या टू-इन-वनला सी-६० सर्वांत मानवते. मात्र कुराणशरीफच्या एका पाऱ्याच्या निवांत तिलावतीला साधारण तासभर लागतो. तिथे सी-६० काठोकाठ होते आणि आयत मध्येच तुटण्याची भीती असते. अशा कामाला सी-९० घ्यावी. सी-१२० च्या वाटेला जाऊच नये.

महाग म्हणजे चांगली असे नाही

फितीचे प्रकार मुख्यतः तीन. पहिली साधी, लोहाच्या ऑक्साइडची, तिच्यावर ‘नॉर्मल’ किंवा ‘टाइप एक’ लिहिलेले असते. दुसरी क्रोम, म्हणजे ‘टाइप दोन’. आणि ‘टाइप चार’ म्हणजे मेटल. मधली ‘टाइप तीन’ फारशी चाललीच नाही. क्रोम आणि मेटल महाग मिळतात आणि घेणाऱ्याला वाटते, जास्त पैसे मोजले म्हणजे आवाज चांगला येईल. पण या फितींना रेकॉर्डिंगच्या वेळी जास्त ताकदीचा विद्युत प्रवाह लागतो आणि तो देण्याची सोय यंत्रात असावी लागते. यंत्रावर ‘नॉर्मल, क्रोम, मेटल’ असा खटका नसेल, तर मेटलवरचा जुना आवाज नीट पुसलाही जात नाही आणि नवा नीट उमटतही नाही. आपल्याकडच्या बहुतेक टू-इन-वनमध्ये असा खटका नसतो. त्यांच्यासाठी चांगल्या प्रतीची नॉर्मल कॅसेट हीच योग्य.

कोणती फीत आहे हे हातानेही कळते. क्रोमच्या पाठीवर कळ्यांच्या शेजारी आणखी दोन खाचा असतात, मेटलला मधोमधही असतात. मोडलेल्या कळीवर चिकटपट्टी लावून कॅसेट पुन्हा वापरता येते, पण त्या वेळी या खाचा झाकू नयेत.

जुना माल पारखताना

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात टीडीके, सोनी, मॅक्सेल, टी-सिरीज अशा कॅसेटी अजून हाती लागतात. यंत्राच्या सुट्या भागांची चौकशी तापकीर गल्लीत करता येते. स्वारगेटहून भोर किंवा वेल्ह्याची परतीची एसटी पकडण्याआधी एवढी चक्कर होते. कॅसेट घेताना नाव वाचून भुलू नये, कारण नकली मालही भरपूर निघाला होता. छपाई पुसट आहे का, अक्षरे वाकडी आहेत का हे बघावे. मग खिडकीतून फितीची गुंडाळी पाहावी. ती सपाट आणि एकसारखी हवी. कडेला पांढरट बुरशी दिसली, तर कॅसेट फुकट मिळाली तरी नको. ती यंत्रात घातली तर हेड घाण होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. फितीमागे पातळ पट्टीवर छोटा नमद्याचा तुकडा असतो. तो गळून पडला असेल, तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो.

नवा माल हवा असेल तर मॅक्सेलची ‘यूआर’ अजून विकली जाते. फ्रान्समध्ये २०१८ पासून पुन्हा कोऱ्या कॅसेटी निघू लागल्या आणि अमेरिकेतही त्या बनतात. बाहेरून मागवल्या तर महाग पडतात, पण एका आवाजासाठी एकच पुरते.

कॅसेट आणली की लगेच रेकॉर्ड करू नये. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. हेड आणि रबरी चाक कापसाने पुसावे. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. मग दहा मिनिटे काहीही रेकॉर्ड करून ऐकावे. आवाज मध्येच बुडत असेल किंवा डावा-उजवा कमीजास्त होत असेल, तर ती कॅसेट सिनेमाच्या गाण्यांना ठेवावी. सुरुवातीची काही सेकंदे कोरी पट्टी असते, ती जाऊ द्यावी. नाहीतर ‘बिस्मिल्ला’च कापली जाते.

पावसाळा जपा

भोर-वेल्ह्याच्या पश्चिमेकडच्या गावांत पावसाळा भिंती ओल्या करून जातो. फितीचा खरा शत्रू हाच. कॅसेट डबीत घालून उभी ठेवावी, ओल शोषणारी पुडी टाकून डबा घट्ट लावावा आणि स्पीकरपासून दूर ठेवावा, कारण त्यात लोहचुंबक असते. वर्षातून एकदा ती वाजवावी. रमजानचा महिना त्यासाठी बरा, कारण घरची सगळी माणसे इफ्तारला एकत्र असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या लिहिल्या गेल्या. ध्वनिमुद्रण मात्र सुमारे १२० तासांचेच आहे. बाकीच्या ओव्यांचे शब्द कागदावर वाचता येतात, पण म्हणणारीचा श्वास कुठे थांबला, शेवटचा सूर कुठे खाली आला, हे आता कुणी सांगू शकत नाही.

दादीची दुआ कुठल्या संग्रहात जाणार नाही. ती तिच्या घरातच राहणार. सेहरीच्या अंधारात कुणीतरी बटण दाबेल, आधी थोडी खरखर ऐकू येईल, आणि मग जिने तिला कधी पाहिले नाही ती पणती विचारेल, “अम्मी, ये कौन बोल रहा है?”