गोळी सकाळची, पेला संध्याकाळचा

रक्तदाबाची गोळी नियमाने घेणाऱ्या अनेक घरांत एक अलिखित नियम पाळला जातो. ज्या दिवशी संध्याकाळी ‘बसायचे’ ठरलेले असते, त्या दिवशी गोळीला सुट्टी. हा नियम डॉक्टरांनी घालून दिलेला नसतो. दोन्ही एकत्र झाली तर काही विपरीत घडेल, या धास्तीने माणूस औषध टाळतो. पेला मात्र टाळत नाही. वाचकहो, या हिशेबात दोन चुका आहेत.

पहिली चूक अशी की, सकाळची गोळी टाळल्याने संध्याकाळपर्यंत शरीर औषधमुक्त होत नाही. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे ज्या मिश्रणाची भीती, ते तर होतेच.

दुसरी चूक अधिक गंभीर. मद्य प्रथम रक्तवाहिन्या सैल करते. रक्तदाब उतरतो, नाडी वाढते. परंतु मद्यार्काची मात्रा ३० ग्रॅमच्या पुढे गेली, तर साधारण तेरा तासांनंतर रक्तदाब उलट वर चढतो. रात्री नऊची मैफल दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर आपले देणे वसूल करते, आणि नेमका तेव्हाच चुकवलेल्या गोळीमुळे औषधाचा आधार कमी पडलेला असतो.

३० ग्रॅम म्हणजे किती? आपल्याकडील व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. ‘मी नुसती बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी मात्र बाटलीवरील आकडा वाचावा: आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरमध्ये तो ४० ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे चार लहान पेग. सोबतच्या खारवलेल्या शेंगदाण्यांतले आणि फरसाणातले मीठ वेगळेच.

गोळी घेऊन मद्य घेतले, तर तेही निर्धोक नाही. दोघांचा उतार एकत्र होतो आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. धोक्याची वेळ बैठकीतली नव्हे, मध्यरात्रीची: मद्याने लघवी वाढलेली, झोपेतून घाईने उठणे, न्हाणीघराची ओली फरशी. उतारवयात अशा एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी व क्षार आणखी घटतात. प्रोस्टेटसाठीही दिल्या जाणाऱ्या प्राझोसिनसारख्या औषधांनी उभे राहताना येणारी चक्कर अधिक तीव्र होते. मधुमेहींनी विशेष सावध असावे. उपाशीपोटी घेतलेल्या मद्याने साखर उतरू शकते आणि मेटोप्रोलॉलसारखी गोळी त्या वेळची धडधड झाकून टाकते.

नित्याच्या पिण्याचा रक्तदाबाशी असलेला संबंध काही आजचा शोध नव्हे. कामिय लियाँ या फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातील सैनिकांची तपासणी करून १९१५ मध्येच तो नोंदवला होता. भरपूर वाइन पिणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळला. तरीही आपल्याकडे ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून औषध वाढवले जाते, आणि रोजच्या दोन-तीन पेगांचा उल्लेख तपासणीच्या खोलीत होतच नाही. पत्नी शेजारी बसलेली असते, हे कारण समजण्याजोगे आहे. मग डॉक्टरांना एकट्याने भेटावे. पण आठवड्याला किती, कधी आणि काय, हे आकड्यांत सांगावे.

गोळी आपल्या मनाने बंद करू नये. राहून गेलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने ही माहिती वाचून एका रात्रीत मद्य सोडण्याचेही धाडस करू नये: हात थरथरणे, घाम, झटके आणि रक्तदाबाची उसळी दोन-तीन दिवसांत येऊ शकते. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच टप्प्याटप्प्याने सोडवावे लागते.