शेततळ्याच्या काठाची आधारभिंत

प्लॅस्टिकच्या कागदाचें अस्तर घातलेलीं शेततळीं आतां आपल्याकडे पुष्कळ झालीं आहेत. नाशिककडील द्राक्षबागाईतदार व सांगोल्याकडील डाळिंबवाले यांस त्यांची चांगली ओळख आहे. आणि २०१६ सालीं राज्यसरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून शेततळ्याचें नांव गांवोगांव झालें. खोदाई व कागद यांविषयीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु उताराच्या जमिनींत तळें खोदलें असतां वरच्या अंगाचें शेत काठावर येऊन उभें राहतें, त्याची माती कशी थोपवावी, हें फारसें कोणी सांगत नाहीं. जागा वाचावी म्हणून धनी ती बाजू उभी कापतो व गवंड्याकडून एक भिंत घालून घेतो. पहिल्या मोठ्या पावसांत ती कागदावर पडली म्हणजे काय होतें, हें सांगावयास नको. कागदाची जाडी बहुधा ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. एका टोंकदार दगडानें तो फाटतो, आणि बागेस चैत्र-वैशाखांत द्यावयाचें पाणी जमिनींत मुरून जातें.

भिंतीवर येणारा रेटा किती असतो, याचा अंदाज घेऊं. एक मीटर उंचीचा सुका मुरूम भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारें ३०० किलो आडवा रेटा देतो. उंची दुप्पट केली कीं रेटा चौपट, म्हणजे १,२०० किलो होतो, व भिंत उलथण्याचा त्याचा जोर आठपट होतो. उलट बाजूनें पाहतां, एक मीटर उंच व सरासरी अर्धा मीटर जाड अशी काळ्या दगडाची कोरडी भिंत दर मीटरास अदमासें एक हजार किलो भरते, आणि तिला पायथ्याशीं सरकविण्यास पांचसहाशें किलो रेटा लागतो. तेव्हां सुकी माती ती सहज पेलते. परंतु तीच माती पाण्यानें तुडुंब भरली व त्या पाण्यास वाट नसली, तर रेटा ६५० किलोंच्या घरांत जातो आणि भिंत सरकते. यावरून आमचें मत असें कीं, एक मीटरापेक्षां उंच माती अडवावयाची असल्यास एक उंच भिंत न घालतां, मध्यें ऐसपैस जागा सोडून दोन बुटक्या भिंती पायरीसारख्या घालाव्या.

भिंत कोठें उभी करावी, येथेंच बहुतेक चुकतात. कागदाची कड ज्या चरांत पुरलेली असते, तो चर पोकळ भरावाचा असतो. त्यावर भिंतीचा पाया कधींही घेऊं नये. चराच्या बाहेर, न खोदलेल्या घट्ट जमिनींत, निदान दीड फूट खोल पाया घ्यावा; कठीण मुरूम लागेपर्यंत गेल्यास उत्तम. भिंत व चर यांच्यामध्यें तीन फुटांची पट्टी सोडावी. ती जागा फुकट गेली असें वाटतें, पण पाणी वाहून नेणारी नाली याच पट्टींत बसते.

बांधकाम कोरडें असावें, असें आम्ही म्हणतों. पाया भिंतीच्या उंचीच्या निम्म्याहून कांहींसा अधिक रुंद, तोंड मातीच्या बाजूस किंचित् कललेलें, प्रत्येक थरांत सांधमोड, व मधून मधून भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा लांब दगड. पोकळींत चिपा ठोकून बसवाव्या. भिंतीच्या पाठीमागें एक फूट रुंदीची खडी भरावी आणि त्यामागें मुरूम. काळी माती तेथें मुळींच घालूं नये; ती पावसाळ्यांत फुगून भिंत ढकलते व उन्हाळ्यांत भेगाळते. सिमेंटची भिंत घालावयाचीच असेल, तर दर पांच फुटांवर बाहेरच्या अंगास उतार दिलेली तीनचार इंची नळी ठेवावी.

या वाटेनें आलेलें पाणी तळ्यांत मात्र सोडूं नये. तें गढूळ तर असतेंच, शिवाय कागदाच्या पाठीमागें शिरलें तर तळें रिकामें असतांना कागद पखालीसारखा फुगतो व सांध्यांत उसवतो. नालीनें तें तळ्यास वळसा घालून खालच्या ओढ्याकडे न्यावें. खालच्या अंगाच्या नव्या भरावावर भिंत घालण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो भराव दोन पावसाळे बसूं द्यावा. भिंतीच्या वरच्या बाजूस भरलेला ट्रॅक्टर उभा करणें म्हणजे तितकी माती वाढविण्यासारखेंच आहे. तो भिंतीच्या उंचीइतका तरी दूर ठेवावा.

भिंत आधीं व कागद मागून, हा क्रम पाळावा. पहिल्या जोराच्या पावसानंतर नाली पाहावी. निवळ पाणी वाहत असेल तर ठीक. पाणी एकसारखें गढूळ येऊं लागल्यास मागील माती धुपत आहे असें समजून तेवढ्या जागेची खडी उकरून पुन्हां भरावी. भिंतीस कोठें पोट आलेलें ओळंब्यानें दिसल्यास टेकू देऊन भागत नाहीं; तेवढा भाग उघडीप मिळतांच उतरवून पुन्हां रचावा, आणि तोंवर खालच्या कागदावर कडब्याच्या पेंढ्या पसरून ठेवाव्या.