सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होत नाही ? जुन्या डिझेल फोर बाय फोरचा पंप खोलायच्या आधी सायलेन्सर बघा

त्र्यंबकेश्वरहून हरसूलकडे किंवा जव्हारच्या रस्त्याला लागलात की जुन्या जीप आणि बोलेरो हमखास दिसतात. काही गाड्यांचं वय वीस-पंचवीस वर्षं. भाजीचे क्रेट, दर्शनाला आलेले भाविक आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं याच गाड्यांवर अवलंबून.

त्यातली बोलेरो तर इथलीच. २००० साली बाजारात आलेली ही गाडी महिंद्राच्या नाशिक प्लांटमध्ये तयार होते, आणि कंपनीचा इंजिन कारखाना इगतपुरीला आहे.

पण पावसाळ्यातल्या किंवा थंडीतल्या एखाद्या सकाळी ही गाडी चालूच होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. मग चार जण धक्का मारतात. मग कुणीतरी सांगतं, "पंप गेला." पंप उतरवून नाशिकला पाठवला की दोन-तीन दिवसांची कमाई बुडते आणि बिल येतं ते वेगळंच. कित्येकदा खरा दोष असतो एका चिरलेल्या रबरी नळीत.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं, तेवढं समजून घेऊ.

डिझेल इंजिनाला लागतं तरी काय ?

पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंशांच्या आसपास तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो.

म्हणजे गरज तीनच गोष्टींची. इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, डिझेल हवेशिवाय पोचलं पाहिजे आणि आत पुरेशी उष्णता तयार झाली पाहिजे. गाडी चालू होत नाही म्हणजे या तीनपैकी एक गोष्ट कमी पडतेय.

पहिलं काम : आवाज ऐका

चावी फिरवल्यावर नुसता 'टक' आवाज येतो किंवा सेल्फ कण्हत कण्हत फिरतो ? मग डिझेलकडे जाऊच नका. दोष बॅटरी, वायर किंवा सेल्फ मोटरचा आहे. इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा तापायच्या आधीच थंड होते.

पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उतरलेली आहे. बॅटरी ठीक असेल तर टर्मिनल घासून घट्ट करा आणि इंजिन ते चासी जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. त्र्यंबकसारख्या जास्त पावसाच्या भागात ती गंजते. तपासायची सोपी युक्ती आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला लावा. सेल्फ जोरात फिरला तर दोष अर्थिंगचा.

एक इशारा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर सेल्फ 'ठक' करून अडकत असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर ओला आहे का ते बघा.

दुसरं काम : धूर बघा

सेल्फ जोरात फिरतोय, तरी गाडी घेत नाही. आता एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा.

धूर अजिबात नाही : इंजिनात डिझेल पोचत नाहीये.

पांढरा धूर : डिझेल पोचतंय, पण पेटत नाहीये. उष्णता किंवा कॉम्प्रेशन कमी आहे, नाहीतर टायमिंग चुकलंय.

काळा धूर : हवा कमी पडतेय. एअर फिल्टर चोंदलाय का ते बघा.

धूर नसेल तर

सगळ्यात आधी इंजिन बंद करायची ओढदांडी बघा. अनेक जुन्या जीपमध्ये ती ओढून इंजिन बंद करतात. ती ओढलेलीच राहिली किंवा केबल अडकली, तर पंप डिझेल सोडतच नाही. काही गाड्यांत त्याऐवजी पंपावर सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर तिथे बारीक 'टिक' आवाज आला पाहिजे. नाही आला तर त्याची वायर तपासा.

त्यानंतर डिझेल फिल्टर. टाकी अर्धी रिकामी असली की दमट हवेत आत पाणी सुटतं आणि ते फिल्टरच्या तळाशी साचतं. खालचा स्क्रू सैल करून ते काढून टाका.

मग एअर. टाकी ते पंप या मार्गात नळीला चीर असेल किंवा तांब्याचा वॉशर बसला असेल तर डिझेल बाहेर गळायच्या ऐवजी हवा आत ओढली जाते. रात्रभर उभी राहिल्यावरच गाडी त्रास देत असेल तर संशय इथेच घ्या. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू घट्ट करा. गाडी चालू झाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ? मग नळी बदला.

हे सगळं करूनही डिझेल पुढे जात नसेल, तेव्हा पंपाचा विषय काढायचा.

पांढरा धूर असेल तर

जुन्या प्यूजो डिझाइनच्या इंजिनाला हीटर प्लग असतात. प्लगची वायर काढा, १२ व्होल्टच्या बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगला लावा. बल्ब पेटला नाही तर तो प्लग गेला. बल्ब सगळ्यांवर पेटत असेल तर प्लगपर्यंत करंट येतोय का ते बघा. डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच जुन्या इंजिनांना हीटर प्लग नसतात. तिथे बॅटरी चांगली असूनही पांढरा धूर येत राहिला तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावं.

या गोष्टी करू नका

हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो आतच भडकतो. हवेच्या पाईपजवळ पेटता बोळा धरणंही टाळा.

घाटाच्या उतारावर गाडी सोडून चालू करायला जाऊ नका. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम तयार होत नाही, ब्रेक दगडासारखा लागतो. सपाटीवर धक्का मारणार असाल तर फोर बाय फोरचा छोटा दांडा न्यूट्रलमध्ये नाही ना, ते बघा. तो न्यूट्रलमध्ये असेल तर धक्का इंजिनापर्यंत पोचतच नाही.

आणि गाडी सीआरडीई असेल तर पंप ते इंजेक्टर हे पाईप सैल करू नका. तिथला दाब इतका प्रचंड असतो की डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

एवढं बघूनही गाडी चालू झाली नाही, तर गॅरेजला फोन करून "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. सेल्फ कसा फिरतोय, धूर कुठल्या रंगाचा आहे आणि हँड पंप मारल्यावर फरक पडला का, या तीन गोष्टी सांगा. मेकॅनिक बरोबर सामान घेऊन येईल, आणि पंप उगाच उतरणार नाही.