‘मूलाँ रूज’ (१९५२): गुडघ्यांवर उभी राहिलेली भूमिका

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक (१८६४–१९०१) याच्या मांडीची हाडं तेराव्या-चौदाव्या वर्षी एकापाठोपाठ मोडली. धड वाढलं, पाय खुंटले. जॉन ह्यूस्टनच्या या चित्रपटात होसे फेररने पाय मागे दुमडून, पट्ट्यांनी बांधून, अक्षरशः गुडघ्यांवर चालत तो उभा केला. चित्रकाराचे उंचेपुरे वडीलही त्यानेच साकारले. कागदावर झरझर रेषा ओढणारे हात मात्र मार्सेल व्हर्तेस या चित्रकाराचे आहेत.

खरी कमाल छायाचित्रकार ऑस्वल्ड मॉरिसची. टेक्निकलर म्हणजे भडक, लखलखीत रंग, हा तेव्हाचा शिरस्ता. मॉरिसने सेटवर धूर सोडला, भिंगापुढे फिल्टर चढवले आणि पडद्यावर लोत्रेकच्या पोस्टरांचे मवाळ, धुरकट रंग आणले. सुरुवातीचा कॅनकॅन नाच तर पुन्हा पुन्हा पाहावा: धुरात फिरणारे घागरे आणि टेबलक्लॉथवरच रेखाटत बसलेला लोत्रेक! कथेतली प्रेमप्रकरणं बरीचशी पिएर ला म्यूरच्या कादंबरीतून आलेली. त्यांना चरित्र समजू नये.

सात ऑस्कर नामांकनं मिळाली. कलादिग्दर्शन आणि वेशभूषेचे पुरस्कार लाभले. मॉरिसला साधं नामांकनही मिळालं नाही. हा अन्यायच.