ॲक्सलच्या आधी रबर पाहा

आम्ही कापडवाले. थानाची वीण बोटांनी ओळखतो, गाडीत मात्र अडाणी. भिवंडीच्या फेऱ्यांत आमची जुनी वॅगन-आर पूर्ण वळवली की पुढून टक-टक वाजू लागली. ॲक्सलच बदलावा लागला, बिल हजारांत! मूळ दोष काही शेकड्यांच्या रबरी बूटचा. तो फाटला, ग्रीस उडाले, जॉइंटमध्ये धूळ शिरली. आवाजाआधी पाहिले असते तर नवा बूट आणि ग्रीस यांवर भागले असते. जॉइंट झिजून वाजू लागल्यावर नुसता बूट बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. आता पंक्चरसाठी चाक उतरले तरी आम्ही वाकून रबर पाहतो.

आणखी एक, व्यापारी बंधूंनो. स्वतःच्या वापरातील अशा कारच्या दुरुस्तीवरील जीएसटीची वजावट मिळत नाही. नियमित नोंदणी असल्यास माल वाहणाऱ्या टेम्पोची मिळते. आमच्या मुनीमजींनी हे बिल चुकवल्यावर सांगितले.