तीन लढतींची एक रात्र
- क्रीडा प्रतिनिधी

६ डिसेंबर २००८ ची रात्र. जपानमधील योकोहामा अरेना प्रेक्षकांनी भरून गेले होते. 'के-वन वर्ल्ड ग्रां प्री' या हेवीवेट किकबॉक्सिंगमधील सर्वात मानाच्या स्पर्धेची अंतिम लढत सुरू होती. दुसऱ्या राउंडमध्ये नेदरलँड्सचा रेमी बोनयास्की खाली पडला. नियमानुसार प्रतिस्पर्ध्याने तेथेच थांबणे अपेक्षित होते. मात्र बद्र हारी थांबला नाही. त्याने पडलेल्या बोनयास्कीवर ठोसे लगावले आणि त्यानंतर त्याच्या डोक्यावर पायाने प्रहार केला. काही मिनिटांतच पंचांनी हारीला अपात्र ठरविले. या स्पर्धेच्या अंतिम लढतीचा निकाल अपात्रतेने लागण्याची ती पहिलीच वेळ होती.

हे का घडले, हे समजून घ्यायचे तर या स्पर्धेची घडण पाहावी लागते.

'के-वन'चे जनक काझुयोशी इशिई हे मूळचे कराटे प्रशिक्षक. कराटे, किकबॉक्सिंग, कुंगफू आदी उभ्याने लढण्याच्या कलांतील मल्ल एकाच रिंगमध्ये आणून श्रेष्ठ कोण ते ठरवावे, ही त्यांची कल्पना. यातील बहुतेक कलांच्या नावांत येणारे 'के' हे अक्षरच स्पर्धेच्या नावात आले. पहिली स्पर्धा ३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोच्या योयोगी राष्ट्रीय क्रीडागृहात झाली. क्रोएशियाच्या ब्रांको सिकाटिचने अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या अर्नेस्टो होस्टला पहिल्याच राउंडमध्ये चीत करून विजेतेपद मिळविले. त्या वेळी त्याचे वय ३८ होते!

नियम तसे सोपे आहेत. लढत तीन मिनिटांच्या तीन राउंडची असते. ठोसे, लाथा आणि गुडघ्याचे प्रहार चालतात. कोपर मारणे, प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटणे आणि खाली पडलेल्यावर प्रहार करणे निषिद्ध असते. प्रहाराने पडलेल्या खेळाडूसाठी पंच आकडे मोजतात. तो वेळेत सावरून उठला, तर लढत पुढे सुरू होते. निकाल नॉकआउटने लागला नाही, तर तीन परीक्षकांच्या गुणांवर विजेता ठरतो. बरोबरी झाल्यास जादा राउंड खेळविला जातो. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला खाली आणणे हाच डाव असतो, येथे मात्र नुसते पाडण्याला गुण नाहीत. पडलेल्याला हात लावायचा नाही, हा या खेळाचा पाया आहे.

खरी कसोटी आहे ती स्पर्धेच्या पद्धतीची. मुष्टियुद्धातील जगज्जेता एका लढतीसाठी महिनोन् महिने तयारी करतो. के-वनच्या अंतिम टप्प्यात मात्र आठ खेळाडू एकाच रात्री उतरत. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तीन लढती जिंकणारा विजेता ठरे. अंतिम लढतीसाठी रिंगमध्ये पाऊल ठेवणाऱ्याची नडगी सुजलेली, हात ठणकत असलेले आणि श्वास जड झालेला असे. त्यामुळे नुसते जिंकून भागत नसे, कमीत कमी दुखापत होऊन जिंकावे लागे.

नेदरलँड्सच्या पीटर आर्ट्सने १९९८ मध्ये हे गणित सर्वात सोप्या रीतीने सोडविले. त्याने मासाअकी साताके, माइक बर्नार्डो आणि अँडी हग या तिघांनाही पहिल्याच राउंडमध्ये गारद केले. तिन्ही लढती मिळून तो अवघी ६ मिनिटे ४३ सेकंद लढला होता.

उलट टोकाचे उदाहरण २००२ चे. होस्टला त्या वर्षी अमेरिकेच्या महाकाय बॉब सॅपने पात्रता फेरीतच पराभूत केले होते. सेमी शिल्टच्या दुखापतीमुळे होस्टला टोकियो डोममधील अंतिम टप्प्यात जागा मिळाली. तेथे उपांत्यपूर्व लढतीत पुन्हा सॅपच समोर आला आणि पुन्हा जिंकला. मात्र हाताला दुखापत झाल्याने सॅपला पुढे खेळता आले नाही आणि त्याची जागा पुन्हा होस्टलाच मिळाली. होस्टने रे सेफो आणि जेरोम ले बॅनर यांना हरवून चौथ्यांदा विजेतेपद पटकावले. दोनदा हरलेला खेळाडू विजेता ठरला, यात नशिबाचा भाग होताच. पण तिसऱ्या लढतीपर्यंत शरीर शाबूत राखण्याचे कसबही होते.

योकोहामात २००८ मध्ये समोरासमोर आलेले दोघेही खडतर वाटेने अंतिम फेरीत पोहोचले होते. सुरिनाममध्ये जन्मलेला ३२ वर्षांचा बोनयास्की २००३ आणि २००४ चा विजेता. त्याने ले बॅनरला तांत्रिक नॉकआउटने, तर गोखान साकीला नॉकआउटने हरविले. ॲम्स्टरडॅममध्ये जन्मलेला, मोरोक्कन वंशाचा हारी २४ व्या वाढदिवसापासून दोन दिवस दूर होता. त्याने त्या रात्री आर्ट्स आणि एरॉल झिमरमन या दोघांना वेळेआधीच संपविले होते. वेग, ताकद आणि वय, तिन्ही त्याच्या बाजूने होते.

पण अंतिम लढतीच्या पहिल्या राउंडमध्ये बोनयास्कीने हारीला खाली पाडले. गुणांत मागे पडलेल्या तरुणाचा संयम दुसऱ्या राउंडमध्ये सुटला. डॉक्टरांनी तपासल्यानंतर बोनयास्की पुढे खेळू शकणार नाही हे स्पष्ट झाले आणि हारीला लाल कार्ड दाखविण्यात आले. बोनयास्कीने दुखापतीचा बाऊ केला, असा आरोप नंतर झाला. परंतु मूळ प्रश्न दुखापत किती होती हा नव्हता, पडलेल्यावर प्रहार झाला की नाही हा होता. त्याचे उत्तर सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. संयोजकांनी हारीचे उपविजेतेपद आणि त्याच्याकडील हेवीवेट गटाचा पट्टाही काढून घेतला.

गदायुद्धात कमरेखाली प्रहार करून, पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकाला लाथ मारणाऱ्या भीमावर बलराम का संतापला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. भीमाची बाजू न्यायाची होती, तरीही तो प्रहार डाग बनून राहिला. हारीकडे तर तेवढीही सबब नव्हती.

पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर २००९ रोजी, त्याच योकोहामा अरेनात हारी पुन्हा अंतिम फेरीत आला. या वेळी त्याने नियम मोडला नाही. समोर होता २१२ सेंटिमीटर उंचीचा सेमी शिल्ट. त्याच वर्षी मे महिन्यात हारीने शिल्टला ॲम्स्टरडॅममध्ये मिनिटभराच्या आत नॉकआउट केले होते. योकोहामात मात्र शिल्टने पहिल्याच राउंडमध्ये त्याची परतफेड केली. त्या रात्रीच्या तीनही लढती त्याने पहिल्या राउंडमध्येच संपविल्या आणि एकूण ५ मिनिटे ५३ सेकंदांत आर्ट्सचा विक्रम मोडला. ते त्याचे चौथे विजेतेपद होते.

२०१० मध्ये अलिस्टर ओव्हरीमने आर्ट्सला हरवून विजेतेपद मिळविले. त्यानंतर संयोजक कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि दरवर्षी जपानमध्ये भरणाऱ्या या सोहळ्याची परंपरा खंडित झाली. हारीला ही स्पर्धा कधीच जिंकता आली नाही. विजेत्यांच्या यादीत २००८ समोर बोनयास्कीचे नाव आहे. तेथे उपविजेता म्हणून आलेल्या हारीचे नाव मात्र कोणी हरविल्यामुळे नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या पायामुळे पुसले गेले. एका रात्रीत तीन लढती जिंकायच्या असतील, तर शरीराइतकेच मनही तिसऱ्या लढतीपर्यंत ताब्यात ठेवावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.